वेडा ठरवलेला सेनापती: जनरल शर्मन आणि त्याच्या काळातली वर्तमानपत्रं

बखरवाचक

११ डिसेंबर १८६१. सिनसिनाटीच्या 'कमर्शियल' या वर्तमानपत्रात मथळा होता: 'जनरल विल्यम टी. शर्मन वेडा'. खाली मजकूर असा, की केंटकीची जबाबदारी असताना या माणसाचं डोकं पार फिरलं होतं. एका दिवसात तीनदा तारा करून त्यानं केंटकी सोडून इंडियानात माघार घ्यायची परवानगी मागितली, आणि लुईव्हिलमधल्या सरकारच्या बाजूच्या बड्या लोकांना घाबरवून सोडलं. हे छापून आलं तेव्हा शर्मन त्याच ओहायो राज्यात, लँकेस्टर गावी, बायकामुलांजवळ वीस दिवसांच्या रजेवर होता.

गेले काही महिने अमेरिकन यादवी युद्धावर जमेल तसं वाचतोय. लढाया, नकाशे सगळं पाहिलं, पण मन अडकलं ते या मथळ्यापाशी. म्हणून हा धागा काढतोय. इथे लष्करातले लोक आहेत, वर्तमानपत्रात आयुष्य घालवलेले आहेत, तुमचं मत ऐकायचं आहे.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: शर्मन हा उत्तरेचा, म्हणजे गुलामीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेशी लढणाऱ्या केंद्र सरकारच्या बाजूचा सेनापती. १८६४ मध्ये अटलांटा घेऊन तिथून समुद्रापर्यंत जॉर्जिया राज्य जाळत, लोहमार्ग उखडत गेला तोच. पण १८६१ मध्ये त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. वेस्ट पॉइंटमधून १८४० ला बाहेर पडलेला, मधे लष्कर सोडून सॅन फ्रान्सिस्कोत बँक चालवलेला, युद्धाच्या तोंडावर लुइझियानात एका लष्करी विद्यालयाचा प्रमुख असलेला माणूस.

ऑक्टोबर १८६१ च्या मध्यावर युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन लुईव्हिलला आले, गाल्ट हाउस हॉटेलात उतरले. तब्येत बरी नव्हती, पलंगावर पडूनच बोलत होते. खोलीत बरीच माणसं होती. शर्मनला मोकळं बोलायला संकोच वाटत होता. मंत्री म्हणाले, सगळे आपलेच आहेत, बोला. आणि तो बोलला. माझी आघाडी तीनशे मैलांची आणि माणसं १८ हजार. पूर्वेला आपल्याच जनरल मॅकलेलनकडे शंभर मैलांपेक्षा कमी आघाडीला एक लाख आहेत. नुसत्या बचावाला मला ६० हजार हवेत, आणि हे युद्ध या भागात संपवायचं तर दोन लाख लागतील.

'आपल्याच' माणसांत न्यूयॉर्क 'ट्रिब्यून'चा बातमीदार बसला होता. महिनाअखेरीस त्या भेटीचा सरकारी अहवालच छापून आला, आणि दोन लाखांचा आकडा देशभर झाला. तो कशासाठी मागितला होता ते मागे पडलं. राहिलं एवढंच की एका जनरलनं दोन लाख माणसं मागितली. नोव्हेंबरमध्ये त्याच्या जागी जनरल ब्युएल आला. डिसेंबरात वरचा मथळा.

आता मला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शर्मन तेव्हा ठीक नव्हताच. झोप उडालेली, रात्र रात्र येरझाऱ्या, सिगारवर सिगार. आपल्याला मोकळं करा असं त्यानं स्वतःच वर कळवलं होतं. जानेवारी १८६२ मध्ये भाऊ जॉनला (तो ओहायोचा सेनेटर) लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की मुलं नसती तर मी जीव दिला असता. म्हणजे बातमीदारांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. पण एका थकलेल्या, घाबरलेल्या आणि हिशेबात बरोबर असलेल्या माणसाला त्यांनी जे नाव दिलं, ते द्यायचा त्यांना अधिकार होता का? पुढच्या साडेतीन वर्षांत दोन लाख हा आकडा कमीच पडला.

त्याच्या मेहुण्यानं त्याच वर्तमानपत्रात खुलासा छापून घेतला. बायको एलेन आपल्या वडिलांना घेऊन वॉशिंग्टनला थेट लिंकनना भेटली. आणि एप्रिलमध्ये टेनेसीत शायलोची लढाई झाली. तिथे दोन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून तेवीस हजारांवर माणसं मेली, जायबंदी झाली, हरवली. शर्मन तिथे जखमी होऊनही उभा राहिला आणि त्याचं नाव परत आलं. पण सिनसिनाटीच्याच 'गॅझेट'मध्ये 'अगेट' या टोपणनावानं व्हाइटलॉ रीडनं लिहिलं, की आपली फौज बेसावध सापडली, माणसं तंबूतच भोसकली गेली. शर्मन परत पेटला. तंबूतल्या संगिनींचं वर्णन अतिरंजित होतं. पण बेसावध सापडले, हे माझ्या मते खरं होतं.

माझा प्रश्न असा: शर्मननं पुढे आयुष्यभर बातमीदारांचा जो द्वेष केला, तो फौजेच्या सुरक्षिततेसाठी होता, की या डिसेंबरच्या जखमेतून आलेला?

जुळारी

बखरवाचक, लेख वाचून रात्री झोप लागली नाही. कारण सांगतो.

मी एका जिल्ह्याच्या गावी दैनिकात ३१ वर्षं काढली. सुरुवात खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवण्यापासून. हातात स्टिक (अक्षरं जुळवायची पट्टी), समोर केस (खिळ्यांची खणपेटी), आणि डाव्या बाजूला वार्ताहराचा कागद. तुमच्या त्या मथळ्याकडे मी जुळाऱ्याच्या नजरेनं पाहिलं. तेव्हाची वर्तमानपत्रं एका स्तंभाच्या रुंदीत मथळे लावायची, एकाखाली एक उतरंडीसारखे. एवढ्याशा रुंदीत शब्द जितका आखूड तितका खिळा मोठा घेता येतो. 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे पदमुक्त' हे त्या रुंदीत बसत नाही. 'वेडा' बसतो. जागेची ही सक्ती बातमी कशी वाकवते ते बाहेरच्याला कळत नाही, हातानं जुळवलेल्याला कळतं.

एका सहकारी संस्थेचे हिशेबनीस 'फरार' अशी बातमी मी स्वतः जुळवली आहे, रात्री अकरा वाजता, पान लावायची घाई असताना. ते गृहस्थ दुसऱ्या गावी दवाखान्यात होते. दोन दिवसांनी हाताला पट्टी बांधून कचेरीत आले आणि खुर्चीवर नुसते बसून राहिले. ओरडले नाहीत. आम्ही खुलासा छापला, चौथ्या पानावर, बाजारभावाच्या खाली, तीन ओळी. पुढे वीस वर्षं ते गावात होते आणि वीस वर्षं लोक त्यांना फरार म्हणत. मी रस्त्यात दिसलो की ते नमस्कार करायचे. तो नमस्कार मला अजून सहन होत नाही.

त्यामुळे शर्मनचा राग मला परका नाही.

निवृत्त_सिग्नल

मी सैन्यात सिग्नलमध्ये होतो, २२ वर्षं. मला वाटतं बखरवाचकसाहेबांनी प्रश्न दोन तुकड्यांत तोडला, पण सेनापतीच्या डोक्यात तो एकच असतो.

तारायंत्र आल्यावर काय बदललं ते बघा. आधीच्या युद्धांत छावणीतलं पत्र घरी पोचेपर्यंत लढाई शिळी झालेली असायची. इथे बातमी दोन दिवसांत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, आणि तो अंक सीमेवरून हातोहात शत्रूकडे. पीटर्सबर्गच्या खंदकांत दोन्हीकडचे पहारेकरी तंबाखू, कॉफी आणि वर्तमानपत्रांची अदलाबदल करायचे. एका बातमीत रेजिमेंटचं नाव, दुसरीत तोफा किती, तिसरीत कुठल्या बोटीवर चढले. एकेक तुकडा निरुपद्रवी. समोर बसलेला हुशार अधिकारी ते जोडतो. आम्हाला प्रशिक्षणात हेच शिकवतात, की गुपित एका वाक्यात फुटत नाही.

नोव्हेंबर १८६४ मध्ये शर्मन अटलांटाहून निघायच्या तोंडावर इंडियानापोलिसच्या एका वर्तमानपत्रानं त्याची फौज किती आणि रोख कुठे हे छापलं. वॉशिंग्टनहून त्याला कळवण्यात आलं. त्याचं उत्तर वाचण्यासारखं आहे: कुणी खऱ्याच्या फार जवळचं छापलं असेल, तर शत्रूची दिशाभूल होईल असे दुसरे मजकूर छापून त्याची धार काढा. हे जखमी माणसाचं उत्तर वाटतं का? मला तरी एका व्यवसायी माणसाचं वाटतं.

नवा_वाचक

छान चर्चा. त्यानं एका बातमीदाराला कोर्ट मार्शल केलं होतं असं कुठेतरी वाचलंय. ते प्रकरण काय?

बखरवाचक

त्याचसाठी थांबलो होतो. या सगळ्या गोष्टीचं पोट तिथेच आहे.

डिसेंबर १८६२. मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग घ्यायचं होतं. शर्मन बोटींनी निघाला. निघताना हुकूम काढला, की फौजेबरोबर बातमीदार येता कामा नये, आणि कुणी बातमी पाठवली तर त्याला हेर समजून धरलं जाईल. २९ डिसेंबरला चिकासॉ बायूच्या दलदलीत त्यानं टेकडीवरच्या मोर्चांवर हल्ला केला. उत्तरेची १,७७६ माणसं मेली, जायबंदी झाली किंवा हरवली, समोरच्यांची दोनशेच्या आसपास. सरळ पराभव.

न्यूयॉर्क 'हेरल्ड'चा थॉमस नॉक्स हुकूम मोडून बोटीवर होताच. त्यानं लिहिलेलं पाकीट टपालातून काढून शर्मनच्या कचेरीत उघडलं गेलं. मग नॉक्स नदीनं वर, इलिनॉयमधल्या कैरोला गेला, तिथून पुन्हा लिहून पाठवलं. १८ जानेवारी १८६३ ला ते छापलं गेलं. त्यात शर्मनच्या नेतृत्वाचे वाभाडे होते, आणि वेडाचा जुना विषयही पुन्हा उकरलेला होता.

शर्मननं त्याला बोलावून एकेक वाक्य समोर ठेवलं, कागदपत्रं दाखवली. नॉक्सनं बऱ्याच चुका लेखी कबूल केल्या. पण शर्मनच्याच सांगण्यानुसार तो असंही म्हणाला, की माझं तुमच्याशी वैयक्तिक काही नाही, तुम्ही आमच्या वर्गाचे शत्रू समजले जाता, म्हणून स्वसंरक्षणासाठी आम्हाला तुमच्याविरुद्ध लिहावं लागतं. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

फेब्रुवारीत व्हिक्सबर्गजवळच्या यंग्ज पॉइंटला, चिखलातल्या छावणीत खटला चालला. आरोप तीन: शत्रूला माहिती देणं, हेरगिरी, हुकूम मोडणं. लष्करी कायद्यात पहिल्या दोहोंची शिक्षा मृत्यूपर्यंत जाऊ शकत होती. न्यायालयानं पहिले दोन फेटाळले. हुकूम मोडल्याबद्दल फौजेच्या हद्दीबाहेर काढलं, आणि परतलास तर तुरुंग असं बजावलं. मार्चमध्ये पत्रकारांची शिष्टमंडळं लिंकनकडे गेली. गंमत नाही, खरी गोष्ट: न्यायालयाचे अध्यक्ष जनरल थेयर हेही नॉक्सला माफ करा म्हणणाऱ्यांत होते. लिंकननं शिक्षा मागे घेतली, पण अट घातली, शर्मनचा वरिष्ठ जनरल ग्रँट याची संमती हवी. ग्रँटनं चेंडू शर्मनकडे टाकला. शर्मननं नॉक्सला लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की तलवार किंवा बंदूक घेऊन ये, स्वागत करीन, बातमीदार म्हणून येशील तर कधीही नाही.

आता माझं मत. चिकासॉ बायूची बातमी छापली तेव्हा लढाई होऊन तीन आठवडे उलटले होते. कॉन्फेडरेट (म्हणजे दक्षिणेच्या) फौजेला आपण जिंकलो हे 'हेरल्ड'मधून कळायचं नव्हतं. न्यायालयालाही तसंच दिसलं. तेव्हा निवृत्त_सिग्नल, तुमचं तत्त्व मान्य, पण या एका खटल्यात ते लागू पडत नाही. इथे सुरक्षेचा कायदा पुढे होता आणि मागे ११ डिसेंबर उभा होता.

निवृत्त_सिग्नल

अंशतः मान्य. मात्र हुकूम स्पष्ट होता आणि नॉक्सला तो माहीत होता. हुकूम मोडल्यानं नुकसान झालं की नाही हे मागाहून मोजायला लागलो, तर पुढच्या वेळी तो कुणी पाळणार नाही. न्यायालयानं तेवढ्याच कलमाखाली दोषी धरलं, माझ्या मते योग्य केलं.

जुळारी

साहेब, हुकूम कशाचा होता तेही बघा. १,७७६ घरांतून माणूस गेला, जायबंदी झाला किंवा हरवला. त्यांना ते कोण सांगणार होतं? सरकारी अहवाल सावकाश यायचे. मृतांची आणि जखमींची नावं वर्तमानपत्रातच छापून यायची, बारीक खिळ्यात, स्तंभच्या स्तंभ. ओहायोतल्या शेतकऱ्याची बायको तो अंक घेऊन खालपर्यंत बोट फिरवायची. नॉक्सनं वाईट लिहिलं असेल, आकसानं लिहिलं असेल. पण बातमीदारच नको म्हटलं की त्या बाईचं बोटही थांबतं. मी 'फरार' जुळवणारा माणूस आहे, वर्तमानपत्रांची बाजू आंधळेपणानं घेणार नाही. तरी या ठिकाणी घेतो.

आणि एक. १८६३ च्या एप्रिलअखेर पूर्वेकडे जनरल हूकरनं वेगळा तोडगा काढला: बातमीदारांनी बातमीखाली स्वतःचं नाव घालावं. तोवर सगळे टोपणनावानं किंवा अद्याक्षरांनी लिहायचे. मला तो शर्मनच्या बंदीपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

सवानाकर

नमस्कार. मी बारा वर्षं जॉर्जियात, सवाना शहरात राहते. धागा मन लावून वाचतेय. एक मोठी बाजू अजून आलेली नाही, ती मांडते. ज्यांच्या गुलामीवरून हे युद्ध झालं त्यांच्याबद्दल आणि छापील बातमीबद्दल.

शर्मनची फौज समुद्राकडे निघाली तेव्हा मागून हजारो गुलाम, बायकामुलांसह, सुटकेसाठी चालत होते. ९ डिसेंबर १८६४ ला एबेनेझर क्रीक या ओढ्यावर जेफरसन सी. डेव्हिस नावाच्या उत्तरेच्याच जनरलनं आपली फौज पार होताच तरंगता पूल काढून घेतला. मागे शत्रूचे घोडेस्वार. लोकांनी थंड पाण्यात उड्या टाकल्या, कितीतरी बुडाले. ही बातमी उत्तरेत पोचली आणि गदारोळ झाला. युद्धमंत्री स्टँटन जानेवारीत सवानाला आले.

१२ जानेवारी १८६५ ला संध्याकाळी इथल्या चार्ल्स ग्रीन यांच्या घरी, जिथे शर्मनचा मुक्काम होता, वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावलं. ते घर आजही आहे. मी चार-पाच वेळा गेले आहे, आणि दरवेळी त्या वरच्या मजल्यावर पाय घुटमळतात. त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझर बोलले. वय ६७, आठ वर्षांपूर्वी स्वतःला आणि बायकोला हजार डॉलर सोन्याचांदीत मोजून सोडवून घेतलेले. गुलामी म्हणजे काय असं विचारल्यावर ते म्हणाले, दुसऱ्याच्या श्रमाचं फळ त्याच्या संमतीवाचून, बळानं घेणं. स्वातंत्र्य कसं टिकवाल? जमीन द्या, आम्ही कसू. मग स्टँटननं शर्मनला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि शर्मनबद्दल त्यांचं मत विचारलं. त्यांनी चांगलंच सांगितलं. शर्मनला मात्र बाहेर काढल्याचं आयुष्यभर लागून राहिलं.

चारच दिवसांनी किनाऱ्यालगतची जमीन चाळीस चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम निघाला. (त्याच वर्षी पुढच्या राष्ट्राध्यक्षानं ती बहुतेक परत घेतली, तो वेगळा विषय.)

या धाग्याशी संबंध इथे आहे: त्या संध्याकाळचं टिपण १३ फेब्रुवारी १८६५ ला न्यूयॉर्क 'ट्रिब्यून'मध्ये छापलं गेलं. वीस जणांची नावं, वयं, कोण जन्मतः स्वतंत्र, कोण किती वर्षं कुणाचा गुलाम होता, सगळं एकेक करून. गाल्ट हाउसच्या खोलीतलं बोलणं ज्या वर्तमानपत्राच्या बातमीदारानं ऐकलं, तेच हे 'ट्रिब्यून'. ते टिपण छापलं गेलं नसतं तर फ्रेझर यांचं उत्तर आज मला वाचायला मिळालं असतं का, हा विचार त्या घरात मनात येतोच.

आणि थॉमस मॉरिस चेस्टर यांचं नाव इथे नोंदवते. फिलाडेल्फियाच्या 'प्रेस'चे कृष्णवर्णीय बातमीदार. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड पडल्यावर त्यांनी तिथल्या कॉन्फेडरेट संसदेत सभापतीच्या खुर्चीत बसून आपली बातमी लिहिली.

नवा_वाचक

सवानाताई, हे काहीच माहीत नव्हतं. धन्यवाद.

वऱ्हाडी_बोंड

सवाना शहराचं नाव वाचून राहवलं नाही. २२ डिसेंबर १८६४ च्या तारेत शर्मननं लिंकनना सवाना नाताळची भेट म्हणून दिलं, त्यात दीडशे मोठ्या तोफा, दारूगोळा आणि सुमारे २५ हजार गाठी कापूस. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या कापूस, म्हणून माझी नजर त्या गाठींवर.

उत्तरेनं दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तो भाव आमच्या वऱ्हाड-खानदेशाच्या आणि गुजरातच्या कापसाला आला. मुंबईत पैशाचा पूर. बडे दलाल प्रेमचंद रायचंद, बॅक बेच्या समुद्रभरणीचे शेअर, पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर. हे सगळं उभं होतं अमेरिकेतलं युद्ध चालू राहील या भरवशावर. म्हणजे मुंबईचा व्यापारी शर्मनची बातमी आपल्या भावाची बातमी म्हणून वाचत होता. ग्रँट जिंकला की कापूस उतरला. १८६५ च्या सुरुवातीला इराणच्या आखातातून तार जोडली गेली, तोवर सगळा आधार आगबोटीच्या टपालावर. एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली यानं शरणागती दिली, भाव कोसळले, आणि १ जुलैला वायदे चुकते करायचा दिवस आला तेव्हा घरंच्या घरं बसली. बँक ऑफ बॉम्बेही त्यातच गेली.

नफा मुंबईत राहिला आणि बुडाला. शेतकऱ्यानं मात्र त्या भावाकडे बघून ज्वारी सोडून कापूस धरला होता, तो परत जाऊ शकला नाही. यावर वेगळा धागा काढायचा आहे.

बखरवाचक

नक्की काढा, वाट बघतो.

वर्तमानपत्रांचा शत्रू असलेला हा माणूस वर्तमानपत्रं केवढ्या भुकेनं वाचायचा, तेही सांगतो. सप्टेंबर १८६४ मध्ये अटलांटा गमावल्यावर जेफरसन डेव्हिस (हा दक्षिणेचा अध्यक्ष, सवानाताईंनी सांगितलेला जनरल वेगळा) जॉर्जियात येऊन भाषणं करत फिरला. लोकांना धीर द्यायला बोलता बोलता त्यानं सांगून टाकलं, की दक्षिणेचा जनरल हूड याची फौज शर्मनच्या मागे टेनेसीकडे जाणार. दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांनी ते छापलं. शर्मननं वाचलं, वॉशिंग्टनला पाठवलं आणि बंदोबस्त केला.

नोव्हेंबरच्या मध्यावर सुमारे ६२ हजार माणसं घेऊन तो अटलांटाहून निघाला, तारा तोडून. जवळजवळ महिनाभर उत्तरेला त्याची खबर नाही. लिंकन आणि ग्रँट रिचमंडची वर्तमानपत्रं चाळत बसायचे, आज शर्मनला कुठे 'हरवलं' म्हणतात ते बघून तो कुठवर पोचला याचा अंदाज. तिकडे शर्मननं मिलेजव्हिल ही जॉर्जियाची राजधानी घेतली तेव्हा त्याला दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांचा ढीग सापडला. आपल्यामुळे किती घबराट उडाली आहे ते त्याला शत्रूच्या छापखान्यानं सांगितलं.

जुळारी

दक्षिणेच्या छापखान्यांबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते माझे भाऊबंद.

मेम्फिसचं 'अपील' हे वर्तमानपत्र. जून १८६२ मध्ये मेम्फिस पडायच्या आधी त्यांनी यंत्र, खिळे, कागद आगगाडीत घातले आणि निघाले. ग्रेनाडा, जॅक्सन, मेरिडियन, मग अटलांटा. शर्मन अटलांटाच्या दाराशी आला तेव्हा माँटगोमेरी. शेवटी एप्रिल १८६५ ला जॉर्जियातल्या कोलंबसला पकडले गेले. ते ज्या बाजूनं लिहीत होते ती बाजू गुलामीची होती, त्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही. पण जुळवलेला फर्मा (खिळ्यांनी भरलेली पानाची चौकट) घेऊन पळणं काय असतं, खिळ्यांची एक केस उलटली तर किती दिवसांचं काम जातं, ते मला ठाऊक आहे.

दुसरं व्हिक्सबर्गचं 'डेली सिटिझन'. वेढ्यात कागद संपला, तर भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अंक छापले. २ जुलै १८६३ च्या अंकात लिहिलं होतं, की ग्रँट म्हणे चार जुलैला इथे जेवणार, पण ससा शिजवायचा तर आधी पकडावा लागतो. चार तारखेला शहर पडलं. उत्तरेच्या सैनिकांना छापखान्यात तो फर्मा जुळवलेला तसाच सापडला. त्यांच्यातल्या छपाई येणाऱ्यांनी खाली नवा मजकूर जोडला, की दोन दिवसांत पुष्कळ बदललं, ग्रँटनं ससा पकडला आहे, आणि भिंतीच्या कागदावरचा हा शेवटचा अंक. मग यंत्र चालवलं. सैनिकांनी शहर घेतलं आणि पहिल्याच दिवशी खिळे हातात घेतले. मी ही गोष्ट माझ्या नातवाला सांगितली आहे.

निवृत्त_सिग्नल

जुळारीकाका, फार सुंदर.

मी दोन दिवस बखरवाचकांच्या मूळ प्रश्नावर विचार केला. आधीच्या मतात थोडी दुरुस्ती करतो, ती एप्रिल १८६५ मुळे. लिंकनचा खून झाल्यावर तीनच दिवसांनी शर्मन नॉर्थ कॅरोलायनात दक्षिणेचा जनरल जॉन्स्टन याच्याशी शरणागतीच्या अटी बोलत होता. अटी त्यानं फार सैल दिल्या, अधिकाराबाहेर गेला, सरकारनं त्या नाकारल्या ते बरोबरच. पण स्टँटननं काय केलं? नाकारण्याची कारणं त्याला कळवून थांबले नाहीत, वर्तमानपत्रांना दिली. २४ एप्रिलला छापून आलं, त्यात असाही सूर की शर्मनमुळे जेफरसन डेव्हिसला सोनंनाणं घेऊन पळायला वाट मिळेल. चार वर्षं लढलेल्या सेनापतीवर देशद्रोहाचा वास येईल असा संशय, आणि तो त्यानं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात वाचला. एका महिन्यानं, २४ मे ला, वॉशिंग्टनमधल्या संचलनात स्टँटननं हात पुढे केला. सगळ्यांसमोर शर्मननं तो घेतला नाही.

या वेळी बातमीदारानं काही फोडलं नव्हतं. मंत्र्यानंच छापून घेतलं. १८६१ चा सरकारी अहवालही मंत्र्याच्याच कचेरीतून गेला होता. मग मला वाटायला लागलं, की शर्मननं आयुष्यभर राग धरला तो छापणाऱ्यांवर, आणि दोन्ही वेळा देणारा हात त्याच्या वरिष्ठांचा होता. आम्ही लष्करातले लोक वर बघून रागावत नाही. सवय नसते.

बखरवाचक

निवृत्त_सिग्नल, हे मला सुचलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

नॉक्सचं पुढे काय, असं कुणी विचारायच्या आधी: तो युद्धानंतर सैबेरियापासून आशियाभर फिरला आणि मुलांसाठी प्रवासवर्णनं लिहीत राहिला. त्यांत हिंदुस्थानही आहे. १८९६ ला गेला.

आणि एक गोष्ट, जी मूळ लेखात घालायचं धाडस झालं नव्हतं. जून १८६४ मध्ये, शर्मन अटलांटाच्या वाटेवर लढत असताना, त्याला मुलगा झाला. चार्ल्स. शर्मननं त्याला पाहिलं नव्हतं. ४ डिसेंबरला बाळ गेलं. तेव्हा बाप जॉर्जियात कुठेतरी होता, तारा त्यानं स्वतः तोडलेल्या. सवाना पडल्यावर बंदरात बोटी आल्या, त्यांबरोबर न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं आली. बाळ गेल्याचं त्याला त्यात वाचून कळलं.